आईचं पाणी
आई लघवीला लघवी म्हणत नाही, ‘पाणी’ म्हणते. डॉक्टरांनी लघवीतलं प्रोटीन तपासायला सांगितलं तेव्हा तिनं लाजून पदर तोंडावर घेतला. तिला दहा वर्षांपासून शुगर आहे.

“सूज नाही, दुखत नाही, म्हणून किडनी चांगली असं समजू नका,” डॉक्टर म्हणाले. “सुरुवातीला कळतं ते तपासणीतच.”

शुगर मलाही होती, चार वर्षांपासून. पण ते वाक्य आईसाठी आहे असं समजून मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी घनसावंगीहून जालन्याला कामावर निघताना आईनं साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली बाटली माझ्या हातात कोंबली.

“पोरानं मायचं पाणी घेऊन फिरायचं. लाज न्हाई वाटत का रे?”

नवीन जालन्यात डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या लॅबसमोर गाडी लावली, पिशवी उघडली, तर बाटली रिकामी. लाजेच्या घाईत तिनं झाकण नीट लावलंच नव्हतं. माझं डोकं फिरलं. परत जायचं म्हणजे कामावर अख्ख्या दिवसाची सुट्टी. मी नवी बाटली घेतली, संडासात गेलो आणि आईच्या नावावर माझीच लघवी देऊन आलो. माय-लेकाचं रक्त एकच, फरक तो काय पडणार! असला माझा शहाणपणा.

दोन दिवसांनी आम्ही दोघं डॉक्टरांसमोर बसलो होतो.

“प्रोटीन जातंय. पुन्हा एकदा तपासून खात्री करू. लवकर सापडलं, औषधानं आवरता येईल.”

आईनं शांतपणे विचारलं, “मशीनवर रक्त धुवावं लागंल का, सायेब? आमच्या शेजारणीला लागतंय.” मग माझ्याकडं वळली. “तू भिऊ नको. माझं झालं आता वय.”

मला भयंकर भीती वाटत होती, आणि तीही तिच्यासाठी नव्हे, स्वतःसाठी, याचीच जास्त लाज वाटली. आईची तपासणी तर झालीच नव्हती.

“आई, ते तुझं न्हाई. बाटली सांडल्ती. मी माझं दिलं.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आई ओरडेल असं वाटलं, पण तिचे डोळे भरून आले. ती तशीच उठली आणि बाहेर लॅबच्या खिडकीशी गेली. बाकड्यावर गावाकडचे दोन-तीन ओळखीचे बाप्ये बसले होते. त्यांच्यासमोर ती मोठ्यानं म्हणाली,

“लघवीच्या दोन बाटल्या द्या. एक माझी, एक माझ्या लेकाची. अन् नावं बराबर लिहा.”