विहिरीतले पिंपळ

दगडावर चढून पोट भरतं का, हा प्रश्न आमच्या घरी दोन वर्षं रोज जेवणाबरोबर वाढला जायचा. विचारायचे वडील. ते कलेक्टर कचेरीत शिपाई होते. लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा उस्मानाबादहून फायलींची कपाटं ट्रकमधून आली, आणि त्याच ट्रकमध्ये कपाटांना टेकून वडीलही आले. जिल्हा जणू आपणच उचलून आणला, अशा थाटात ते पाहुण्यांना ती हकिकत सांगायचे. नवा जिल्हा म्हणजे नव्या जागा, पोरगा बी.ए. झालाय, एम्प्लॉयमेंटचं कार्ड काढलंय, आज ना उद्या कॉल येईल, असं त्यांचं सरळ गणित होतं. त्यात दगड कुठे बसत नव्हता.

हा नाद मला नांदेडला कॉलेजात असताना लागला. होस्टेलच्या गल्लीत बँकेतले एक साहेब राहायचे, पुण्याकडून बदली होऊन आलेले. आठवडाभर त्यांचा चेहरा शिक्षा झाल्यासारखा असायचा आणि रविवारी खुलायचा. कड्यांवर चढणारा माणूस हा, सपाटीवर जीव रमेना. कुणीतरी त्यांना सांगितलं की देगलूरच्या बाजूला शेताशेतात घराएवढे धोंडे पडलेले आहेत. मग दर रविवारी सकाळच्या एसटीनं ते निघायचे आणि आम्हा तिघाचौघा पोरांना बरोबर न्यायचे. दोर कसा बांधायचा, खालच्यानं तो कसा धरायचा, कुठली गाठ कशासाठी, सगळं त्यांनीच शिकवलं. शेतातली माणसं मान वर करून विचारायची, वर काय हरवलंय? काही हरवलं नाही म्हटलं की त्यांची आणखी पंचाईत व्हायची.

मला मात्र तिथे सापडलं होतं. एरवी माझ्या डोक्यात सारखी कटकट चालू असायची, परीक्षेची, पैशाची, कोण काय बोललं त्याची. धोंड्याला बोटं लावली की सगळं गप्प. पुढचा हात कुठे आणि पाय कुठे, एवढंच उरायचं. साहेबांची परत बदली झाली तेव्हा त्यांनी नायलॉनचा दोर, चार लोखंडी कड्या आणि कमरेला बांधायचे पट्टे माझ्या हवाली केले. मी लहान मुलासारखा रडलो, आणि ते सांगायला आजही मला लाज वाटत नाही.

लातूरला आलो तर चढायला काही म्हणजे काही नाही. एकदा पाण्याच्या टाकीवर बाहेरच्या बाजूनं चढलो तर पोलीस घरी आले. वडिलांनी त्यांना चहा पाजला आणि पोराचं डोकं जरा फिरलंय अशी माझी ओळख करून दिली. पण त्यातूनच मला कामं मिळू लागली. नव्या जिल्ह्यात पाट्याच पाट्या लागत होत्या. उंच पाटी रंगवायला पेंटर घाबरायचा, मग मी दोरावर लोंबकळत त्यानं आखलेल्या अक्षरांत रंग भरायचो. थेटरवाल्यानं पोस्टर लावायला बोलावलं. कुणाची मोटर विहिरीत पडली, ती मी काढून दिली. कधी पैसे मिळायचे, कधी नुसती शाबासकी. वडील म्हणायचे, शाबासकी पिठाच्या गिरणीत चालती का विचारून ये.

खरं काम मिळालं ते दुष्काळात. लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला होता. दुष्काळात चांगलं काय असणार, पण विहिरी तळापर्यंत दिसतात, हे खरं. ज्याला त्याला आपली विहीर आत्ताच नीट करून घ्यायची असते. गाळ काढतात, पडलेले चिरे बसवतात. आणि तेव्हा ध्यानात येतं की पाण्याच्या वर, चिऱ्यांच्या फटीफटींतून पिंपळ उगवलेत आणि त्यांच्या मुळ्यांनी अख्खं बांधकाम फुगवून ठेवलंय.

मुरुडचे एक शेतकरी कचेरीत टँकरच्या अर्जासाठी खेटे घालायचे, त्यांची वडिलांशी ओळख झाली. त्यांच्या विहिरीत असेच सात पिंपळ होते. पण गावात कुणी पिंपळाला कुऱ्हाड लावायला तयार नव्हतं. पिंपळावर मुंजा असतो, तोडणाऱ्याच्या मागे लागतो. ते संकोचून मला म्हणाले, "आमच्यात न्हाई चालत. तुम्हा लोकांना चालतंय की."

तुम्हा लोकांना म्हणजे आम्हा बौद्धांना. आम्ही मुंजा-बिंजा मानत नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मीही ऐटीत म्हणालो, चालतंय.

दोन सब्बली, म्हणजे लोखंडी पहारी, काठाजवळ जमिनीत ठोकल्या, त्यांना दोर बांधला आणि उतरलो. मालकांनी वर नारळ फोडला, हात जोडले आणि पाठ फिरवून उभे राहिले. काम संपेपर्यंत त्यांनी विहिरीकडे पाहिलं नाही. मला हसू येत होतं. तोडलेला एकेक पिंपळ गाळात पडत होता आणि कुठे बोटं घालायची, कुठे टाच टेकवायची, यात मी रमून गेलो होतो. अख्ख्या दुष्काळात माझ्याएवढं सुखी त्या दिवशी कुणी नसेल. वर आलो तर मालकांनी मनापासून जेवू घातलं आणि ठरल्यापेक्षा थोडे जास्तच पैसे दिले.

घरी येऊन ते मायच्या हातावर ठेवले. माझी माय दुसऱ्यांच्या शेतात खुरपून मोठी झालेली, अक्षरओळख नसलेली, पण वंदना तोंडपाठ. तिनं पैसे कपाळाला लावले आणि माझा दोर उचलून ठेवायला गेली. दोराच्या वेटोळ्यात पिंपळाचं एक पान अडकलं होतं. ते हातात घेऊन तिनं विचारलं, काय काम होतं? मी मुंज्यासकट सगळं रंगवून सांगितलं. मला वाटलं, ती हसेल.

ती खाली बसली. भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर होती, तिच्याकडे बोट करून म्हणाली, "मागं कोणतं झाड हाय?"

मी लहानपणापासून ती तसबीर पाहत आलो होतो. मालकांना वाटलं, पिंपळ फक्त त्यांचा. त्यांचं सोडा, मलाही तसंच वाटलं. पैसे दिसले आणि बोधीचं झाड माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं. मायनं पैसे माझ्या खिशात परत घातले. ओरडली नाही, पण म्हणाली, "ह्या पैशाचं मीठबी माझ्या तोंडात जाणार न्हाई."

आता काम सोडावं, तर गावोगावची माणसं निरोप पाठवू लागलेली. शिवाय खरं सांगतो, त्या दोराशिवाय मला करमत नव्हतं. मी तोड काढली. पिंपळ तोडायचा नाही, मुळासकट उतरवायचा. छिन्नीनं फटीतला चुना हळूहळू मोकळा करायचा, मुळी दिसली की बोटांनी सोडवायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून वर पाठवायची. एका रोपाला कधी अर्धा दिवस जायचा. मालक लोक काठावरून विचारायचे, बाळंतपण करून राहिलास का? पण त्यांनाही आतून बरंच वाटत असावं, कारण हळूहळू पाठ फिरवणारे वाकून बघायला लागले.

ती रोपं मी मायला आणून द्यायचो. तिनं डालड्याचे डबे, फुटक्या घागरी, वडिलांच्या कचेरीतली गंजलेली बादली, सगळं मातीनं भरलं. नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. तरी भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी त्या डब्यांत जायचं. वडील म्हणायचे, मला तोंड धुवायला पाणी नाही आणि बोधिवृक्षांची आंघोळ चाललीय. पण कचेरीतल्या माठात तळाला उरलेलं पाणी ते बाटलीत भरून आणायचे, हे मी दोनदा पाहिलं. रोपं मरायची बरीच. जी तगायची, ती माय गावोगावच्या विहारांत पाठवायची. हदगावहून आलेली तिची बहीण एक रोप मांडीवर घेऊन एसटीनं गेली.

मला वाटलं, आता तरी माय पैसे घेईल. पण नाही. रोपं आनंदानं घ्यायची, पैशाकडे बघायची नाही. घर वडिलांच्या पगारावर चालायचं आणि माझी कमाई ट्रंकेत पडून राहायची. एकदा मी चिडून विचारलं, आता काय चुकतं? ती म्हणाली, तू त्याला त्याच्या जागेवरून उठवतोस, मग त्यातली दहा मरतात नि एक जगतं. ते दहा कुणी मारले? आपली कमाई आपल्या आईला चालत नाही, ही गोष्ट सलायची. फार सलायची. कड्यावरून पडलो असतो तर इतकं लागलं नसतं.

उन्हाळ्याच्या शेवटी मायच्या माहेराहून, रेणापूरजवळच्या गावाहून, मामा आला. बरोबर गावचे सरपंच. ते दोघं एकाच जीपमधून येणं हीच तेव्हा बातमी होती. मामाच्या वस्तीतला आड कधीच आटला होता. आता सगळ्या गावाची मिळून एकच विहीर चालू होती, वरच्या आळीतली मोठी. तिला मांडीभर पाणी होतं, कारण तळाशी एक झरा जिवंत होता. पण अर्ध्या खोलीवर बांधकामात जुना पिंपळ होता आणि त्याच्या मुळ्यांनी चिरे ढकलायला सुरुवात केली होती. आदल्या आठवड्यात एक चिरा पडला, तो पाणी भरणाऱ्या बाईच्या पायापासून हातभर अंतरावर. तेव्हापासून खाली उतरायला सगळे भीत होते. पिंपळ काढल्याशिवाय गवंडी हात लावेना.

खोड केवढं आहे, मी विचारलं. सरपंचांनी हातांनी दाखवलं. माणसाच्या मांडीएवढं. ते मुळासकट निघणं शक्य नव्हतं. काढायला गेलं तर विहीरच खाली येईल. कापायलाच लागणार होतं. मी मायकडे न बघता नाही म्हणालो.

माय चुलीजवळ बसून ऐकत होती. तिनं मामाला एकच विचारलं, झरा खरंच जिता हाय का? मामा हाव म्हणाला. मग ती उठली आणि म्हणाली, मी येते बघायला.

त्या विहिरीबद्दल तिनं मला पूर्वी सांगितलं होतं. ती परकराची पोर असताना आमच्या लोकांना त्या काठावर चढता येत नसे. लांब एका बाभळीखाली घागर घेऊन उभं राहायचं, कुणाला दया आली की तो वरून पाणी ओतायचा. कधी दुपार व्हायची. पुढे काळ बदलला, आता सगळेच भरतात. पण मायचं लग्न त्याआधीच झालं होतं, त्यामुळे ती त्या काठावर कधी गेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. पदर खोचून काठावर बसली आणि आत वाकली. खाली पाण्याचं काळं वर्तुळ होतं आणि अर्ध्यावर तो पिंपळ, चांगला पसरलेला, एवढ्या उन्हातही हिरवागार. पन्नासेक माणसं जमली होती, वरच्या आळीची आणि वस्तीतली. सगळी तिच्याकडे बघत होती.

मग ती मला म्हणाली, "काप."

"माय, तू सांगून राहिलीस?"

"हाव, मीच सांगून राहिले. झाड दुसरीकडं लावू. झरा कुठून आणशील?"

मी दोर बांधला. सकाळी सुरू केलेलं काम उन्हं कलली तरी चाललं होतं. फांद्या आधी, मग खोड करवतीनं तुकड्यातुकड्यानं, म्हणजे एकदम वजन पडून चिरे हलणार नाहीत. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा त्याच्याबरोबर एक चिराही निसटला. मी दोरावर फिरून समोरच्या भिंतीवर आदळलो. खांदा सोलला. वर पाहिलं तर काठावर मायचं तोंड होतं, पांढरंफटक. मी दगडावर काय करतो, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. मी हात हलवला. तिनं हलवला नाही, दोर धरलेल्या मामाचं मनगट घट्ट धरून बसली.

मी वर आलो. गवंडी उतरला. सरपंचांनी घडी घातलेल्या नोटा दिल्या, त्या मी शर्टाच्या खिशात टाकल्या. मायला द्यायचं मनातही आलं नाही. सवयच गेली होती.

मामा जेवून जा म्हणत होता, पण शेवटची गाडी चुकली असती. रेणापूरच्या स्टँडवर आम्ही दोघं बाकावर बसलो. माय सकाळपासून पाण्यावर होती. जरा वेळानं तिनं हात पुढे केला आणि पैसे मागितले.

मला वाटलं, तिला कळलं नसावं. मी म्हणालो, माय, हे कापायचे पैसे आहेत.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "कापायला मी सांगितलं. मग त्याचं ओझं तू एकट्यानं कशाला वागवायचं?"

मी नोटा दिल्या. ती उठली, समोरच्या गाड्यावरून चार केळी घेऊन आली. एक सोलून माझ्या हातात दिलं, कारण माझा उजवा खांदा उचलत नव्हता. मग दुसरं सोललं आणि माझ्याशेजारी बसून तिनं ते खाल्लं.