अप्पांच्या ग्लासाची राखण

गेल्या महिन्यात आम्हाला एका पबच्या दारातून परत पाठवलं. आम्ही म्हणजे मुलगा, सून, आठ वर्षांची नात आणि मी. मुलाला बढती मिळाली होती, त्या आनंदात त्याने साठी उलटलेल्या आईलाही हौसेने बरोबर घेतलं होतं. दारातल्या रखवालदाराने माझ्या पांढऱ्या केसांना हरकत घेतली नाही, नातीला घेतली. लहान मुलांना आत सोडत नाहीत, म्हणाला, आणि वर दोन-तीनदा सॉरी म्हणाला.

मुलाचा पारा चढला. आम्ही घरंदाज माणसं, पोर एका कोपऱ्यात बसून बटाट्याच्या काचऱ्या खाईल, तिचा कुणाला काय त्रास, मॅनेजरला बोलवा, असं बरंच काही त्याने ऐकवलं. मी मागून म्हणाले, त्याचं बरोबर आहे, चला. घरचा भेदी म्हणतात तो हाच, असं मुलाच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं दिसलं. गाडीत त्याने मला विचारलंसुद्धा, की तुझा काय संबंध गं पबशी? नात शेजारी होती आणि जे सांगायचं होतं ते तिच्यासमोर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे सांगते.

पबशी नसेल, पण बारशी माझा चांगला जुना संबंध आहे. मी नऊ वर्षांची असताना मैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या एका बारमध्ये आठवड्यातून दोनदा तरी जात होते.

मैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्याच्या आसपासची ही गोष्ट. आम्ही लष्कर मोहल्ल्यात राहायचो. आमचे पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते असं घरात सांगत. खरंखोटं देव जाणे, घोडा काही आमच्यापर्यंत पोचला नव्हता. अप्पा, म्हणजे माझे वडील, पत्र्याच्या ट्रंका करायचे. हिरव्या रंगाच्या, झाकणावर गुलाबाची फुलं काढलेल्या. लग्नसराईत त्यांच्या ट्रंकांना फार मागणी असे. दिवसभर पत्र्यावर हातोडा चालायचा, त्यामुळे संध्याकाळी दुकान बंद केलं तरी कानात आवाज घुमत राहतो, असं ते म्हणत. तो आवाज ब्रँडीच्या एका ग्लासाने खाली बसतो, असंही म्हणत. आई म्हणायची, एका ग्लासाने बसतो तर दुसरा कशाला लागतो?

दुसरा लागायचा, कधी तिसराही. अप्पा पिऊन दंगा करणारे नव्हते, उलट जास्त प्रेमळ व्हायचे आणि शेजाऱ्यांना फुकट ट्रंका कबूल करून बसायचे. पण एका सकाळी, आदल्या रात्रीचा अंमल उतरलेला नसताना, पत्रा कापायची कातर त्यांच्या अंगठ्यावर चालली. अंगठा राहिला, पण त्याचं टोक गेलं. आईने रक्ताने भिजलेला टॉवेल धुऊन वाळत घातला आणि त्या दिवशी घरात नवा कायदा केला.

"जायचं तर जावा, मी अडवत नाही," ती अप्पांना म्हणाली. "पण पोरीला संगं घेऊन जावा."

पोरीसमोर बाप लाजतो, हा तिचा हिशेब. पण ती नुसत्या लाजेवर विसंबणारी बाई नव्हती. मला स्वयंपाकघरात बोलावून तिने माझं काम नीट समजावून दिलं. पहिला ग्लास संपत आला की म्हणायचं, अप्पा, भूक लागली, घरी जाऊ. एवढंच. भूक लागलेल्या लेकराला बसवून कुठलाच बाप दुसरा ग्लास मागवत नाही. आईचं म्हणणं खरं होतं. अप्पा दर वेळी उठले. एकदाही माझ्यावर खेकसले नाहीत.

लोक म्हणतात, अशा जागी मुलं बिघडतात. मला तर तिथे बिघडण्यासारखं काही दिसलं नाही. पुढे मटणाचं हॉटेल आणि मागच्या खोलीत बार, अशी ती जागा. माणसं दमलेली, बोलणं हळू. मी आले की शिव्या देणारे शिव्या गिळायचे. एक म्हातारा टांगेवाला उकडलेल्या शेंगा सोलून माझ्यापुढे दाण्यांची रांग लावायचा. गोटीवाला सोडा मला फुकट मिळे. आमच्या नातेवाइकांच्या लग्नात यापेक्षा जास्त तमाशे मी पाहिलेत.

त्रास निराळाच होता, आणि तो कुणाला दिसत नव्हता. आईने म्हणायला सांगितलं होतं की भूक लागली. पण खोटं बोललं की जीभ झडते, हेही आईनेच शिकवलेलं होतं. मी भारी सरळ पोर होते, म्हणजे जराशी मूर्खच. पोट भरलेलं असताना भूक लागली कसं म्हणायचं? म्हणून मी तिथे काही खायचेच नाही. शेंगदाण्यांची रांग तशीच राहायची. मालक माझ्यापुढे कधी मिरपूड टाकलेलं अंडं, कधी खिम्याचे गोळे ठेवायचा. वासाने तोंडाला पाणी सुटायचं आणि मी हात मांडीखाली दाबून बसायचे. पुढेपुढे तर ज्या दिवशी अप्पा जाणार असं वाटे, त्या दिवशी मी दुपारपासूनच खाणं टाळू लागले. भूक खरी आणि चांगली कडक असायला हवी, म्हणजे आवाजात उतरते.

आणि नजर ग्लासावर. तो किती खाली गेला, अप्पांनी मोठा घोट घेतला की लहान, कुणी मित्र येऊन बसला तर तो आपल्या बाटलीतलं ओततो की काय. माझ्या मनाने घेतलं होतं की मी चुकले तर अप्पांचा दुसरा अंगठा जाणार. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण काम दिलं की त्याची भीती सोबत येतेच, ती वेगळी सांगावी लागत नाही.

मालक कन्नड माणूस, जाडा, कमी बोलणारा, कपाळाला विभूती. गल्ल्यावर बसून तो सगळीकडे लक्ष ठेवायचा. एका संध्याकाळी तो स्वतः खिम्याच्या गोळ्यांची बशी घेऊन आला आणि खात का नाहीस म्हणून त्याने मला विचारलं. भूक नाही, मी म्हणाले. माझी जीभ झडली नाही, पण आयुष्यातलं ते पहिलं सराईत खोटं असावं. तो अजून तिथेच उभा होता, आणि अप्पांच्या ग्लासात तळाशी थोडीशीच उरली होती. मला थांबता येईना.

"अप्पा, भूक लागली. घरी जाऊ."

मालकाने माझ्याकडे बघितलं, मग न शिवलेल्या बशीकडे, मग अप्पांच्या ग्लासाकडे. बशी उचलून घेऊन गेला.

पुढच्या खेपेला त्याने आम्हाला दारातच थांबवलं. मुलांना आत सोडायचं नाही असं ठरवलंय, म्हणाला. अप्पांना वाटलं थट्टा आहे. मग त्यांना राग आला. इतक्या दिवसांचं गिऱ्हाईक मी, आजच काय झालं, पोर कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं ते बोलत राहिले. आमच्या मुलाने त्या रखवालदाराला ऐकवलं ते जवळजवळ तेच. मालकाने सगळं ऐकून घेतलं आणि तो हळू आवाजात एवढंच म्हणाला, "निम् ग्लास नीवे नोड्कोळ्ळी. मगु ऊट माडली." तुमचा ग्लास तुम्हीच बघा. पोरीला जेवू द्या.

अप्पांना आधी कळलं नाही. मालकाने मग त्यांना बाजूला घेऊन काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण अप्पांची मान खाली जाताना मी बघितली. ते आत गेले नाहीत. येताना वाटेत त्यांनी मला फणसाचे गरे घेऊन दिले आणि मी ते खाताना माझ्याकडे बघत उभे राहिले. मी सगळे खाल्ले. भूक तर नेहमीसारखी तयार होतीच.

घरी आईने आकाशपाताळ एक केलं. पिणाऱ्याला आत आणि पोरीला बाहेर, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. त्या मेल्याला जास्त खपवायची आहे, दुसरं काय! आता यांना कोण उठवणार? ती बोलत होती आणि नेमका हाच प्रश्न माझाही होता. राखण सुटल्याचं मला सुख झालं नाही. मी फार घाबरले.

दोन दिवसांनी अप्पा एकटे गेले. आईने मला जेवायला वाढलं. सांबार, भात, पापड. घास उतरेना. मी इथे जेवले, तर तिथे अप्पांना भूक लागली म्हणून कोण सांगणार? नऊ वर्षांच्या डोक्यात हे असं सरळ बसलेलं होतं. मी ताटापुढे तशीच बसून राहिले आणि आई दारात उभी राहिली.

अप्पा आले ते फार उशिरा नाही. वास होता. चप्पल काढून ते आईशी न बोलता माझ्यासमोर येऊन बसले. ताट तसंच आहे हे त्यांनी बघितलं. मला वाटलं रडतील, पण रडले नाहीत.

"आज दोन झाले," ते मला म्हणाले. "माझे मी घेतले, माझा मी उठलो. तुझ्यामुळं नाही घेतले आणि तुझ्यामुळं नाही उठलो. कळलं काय? आता जेव."

मग त्यांनी माझ्याच ताटात हात घातला आणि आम्ही दोघं जेवलो. आई दारातून हललीच नाही.

त्या दिवसापासून अप्पा सुधारले, असं लिहिलं तर ते खोटं होईल. कधी एक, कधी दोन, आणि दसऱ्याच्या दिवसांत तर गाणं म्हणत यायचे. उरलेला अंगठा आणि बोटं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहिली. त्याचं श्रेय कुणाचं, मला माहीत नाही. माझं नव्हतं, एवढं नक्की. मी मात्र खायला लागले. त्या वर्षी माझे सगळे फ्रॉक आखूड झाले आणि आईला त्यांच्या कडा उसवून खाली सोडाव्या लागल्या.

आईवर माझा राग नाही असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. आहे. तिच्या हातात दुसरं काही नव्हतं हे मला पटतं, तिच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं, तरीही आहे. दारूच्या दुकानाला कुलूप लावता येईना म्हणून तिने मला कुलूप केलं. मालक किती चांगला आणि किती धंदेवाईक, तेही मला ठाऊक नाही. अप्पांचा दुसरा ग्लास त्याच्या फायद्याचाच होता. पण आयुष्यात मला सगळ्यात आधी लहान मूल समजून वागवणारा माणूस तोच.

तर त्या संध्याकाळी पबच्या दारातून परत फिरलो ते मुलाने गाडी गावाबाहेरच्या एका बागेतल्या हॉटेलकडे वळवली. तिथे बार होता आणि मुलांना झोपाळेही होते. बघ, मला टोमणा मारत तो म्हणाला, इथे माणसांना कळतं. नात झोपाळ्याकडे गेली नाही. आमच्यापाशीच बसली. गोबी मंचुरियन तिचं जीव की प्राण, ते तिच्यापुढे आलं. मुलाने बिअर मागवली. ती संपवून दुसरी मागवली, ती निम्म्यावर आली.

"डॅडी, मला झोप येते," नात म्हणाली. "घरी जाऊया ना."

तिचे डोळे टक्क उघडे होते. बशीतल्या एकाही तुकड्याला तिने हात लावलेला नव्हता. मी सुनेकडे बघितलं. सून ताटाच्या कडेवरचं तेल बोटाने पुसत होती, आणि तिने मान वर केली नाही. पन्नास वर्षं मध्ये गेली, घोडदळ गेलं, ट्रंका गेल्या, आणि हे तेवढं राहिलं. मला राग आला की रडू, ते अजून सांगता येत नाही. बहुतेक दोन्ही.

मुलगा हसून म्हणाला, पाच मिनिटं थांब, पुट्टी. मी हात पुढे केला.

"गाडीची चावी दे. ती तुझ्या बायकोपाशी राहील," मी म्हणाले. "आणि तुझा ग्लास तूच बघ. मगूला जेवू दे."

त्याला काही कळलं नाही. पण माझ्या आवाजात असं काहीतरी होतं की त्याने खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. सुनेने ती उचलली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

नात आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत होती. मग ती माझ्या कानाशी वाकली आणि तिने अगदी हळू विचारलं, "अज्जी, मग आता मला झोप नाही आली तर चालेल?"

चालेल, मी म्हणाले. तिने बशी पुढ्यात ओढली आणि खायला सुरुवात केली.