आधी माझ्या हातावर

वानखेडेकाका कुत्रीच्या आधी स्वतःचा हात पुढे करायचे. मनीषनगरातल्या माझ्या जनावरांच्या दवाखान्यात चिंगीला लेझर द्यायची वेळ आली की शर्टाची बाही वर सरकवून म्हणायचे, "आधी माह्या हातावर लावा, मॅडम. तिले सांगता येत नाही, मले येते."

हा लेझर थंड असतो, त्याने कातडी भाजत नाही, हे मी त्यांना कितीदा तरी समजावलं. ते मान डोलवत आणि हात तसाच ठेवत. शेवटी मी नाद सोडला. मनगटावर तांबडा ठिपका क्षणभर फिरवला की निकाल येई, "काहीच होऊन नाही राहिलं. लावा तिले." आम्हा दोघांना काळे चष्मे असत. चिंगीच्या नाकावर कुठलाच चष्मा टिकत नसे, म्हणून काका डोक्याचा दुपट्टा सोडून तिच्या डोळ्यांवर धरत आणि कानाशी पुटपुटत, "झोप वं माय." उमरेडच्या कोळसा खाणीत हयात गेलेला माणूस. बायको गेल्यापासून घरात चिंगीशिवाय कोणी नव्हतं.

तिच्या मागच्या पायांची सांधेदुखी त्या उपचाराने खरंच निवळली. फरशीवर घसरून पडणारी कुत्री एक दिवस दवाखान्याच्या पायऱ्या आपली आपण चढली. काका खुशीत म्हणाले, "चिंगी उठते म्हणून मी उठतो. नाही त काहून उठू?" ते हसले, मला काही हसू आलं नाही.

उन्हाळ्यात तिच्या पुढच्या पायावर सूज दिसली. मी एक्स-रे काढला. हाडाचा कॅन्सर होता, आणि मागचे पाय अधू असल्यामुळे पुढचा कापणंही शक्य नव्हतं. मी बोलायच्या आतच काकांनी सवयीने बाही वर केली. मग सांगावंच लागलं, की आता लेझर देता येणार नाही, त्याने गाठ वाढायची भीती असते.

"ज्यानं ते चालाले लागली, तेच आता नाही?"

"नाही, काका."

त्यांनी बाही खाली ओढली, बटण लावलं. मला त्या यंत्राचा इतका राग कधीच आला नव्हता.

गोळ्यांवर थोडे दिवस निघाले. मग चिंगीने अन्न सोडलं, नुसती कण्हत पडून राहायची. एका सकाळी काका तिला ऑटोतून उचलून घेऊन आले. म्हणाले, "लय हाल होऊन राहिले. झोपवा आता तिले."

तिला टेबलावर ठेवून त्यांनी दुपट्टा सोडला आणि तिच्या डोळ्यांवर धरला. मी सिरिंज भरून वळले, तर त्यांची बाही वर होती आणि हात पुढे.

"आधी माह्या..." एवढंच म्हणाले.

सवयीने झालं असेल, असं मी आजही स्वतःला सांगते. पण हात ते मागे घेत नव्हते. मी तो धरून चिंगीच्या डोक्यावर ठेवला आणि मग सुई टोचली.