रोज सातला मॅच

एप्रिल महिन्यात माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. तो वरच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगला बसला होता आणि मी खाली लेकीचा डबा भरत होते. जिना उतरत तो म्हणाला, "गेली." मला वाटलं, वीज गेली. मी मायक्रोवेव्हच्या घड्याळाकडे बघितलं, तर ते चालू होतं.

"काय गेली?"

"नोकरी. अख्खा ग्रुपच काढला." एवढं बोलून तो फ्रिज उघडून नुसताच उभा राहिला. गार हवा बाहेर येत होती आणि मला ‘दार लाव’ म्हणायचं धाडस होईना.

आम्ही कॅनडात, किचनरला राहतो. मी पुण्याची, तो नागपूरचा, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. ले-ऑफ हा शब्द काही आम्हाला नवा नव्हता. ओळखीतल्या कितीतरी घरांत तो येऊन गेला होता. अशा मंडळींना आम्ही जेवायला बोलवायचो, "मिळेल हो लवकरच" म्हणायचो आणि ती गेल्यावर भांडी घासताना आपण किती सुखरूप आहोत याचा गुपचूप आनंद मानायचो. आता लोक आम्हाला जेवायला बोलवू लागले.

त्या दिवशी संध्याकाळी त्याने टीव्ही लावला, तर बेसबॉल चालू होतं. आमच्या ऑन्टारिओ प्रांतात ज्या टीमच्या टोप्या घालून निम्मी जनता फिरते, तिची मॅच. तोवर आमच्याकडे हा खेळ कुणी बघत नव्हतं. क्रिकेटवर वाढलेला माझा नवरा त्याला "दंडुका फिरवायचा आणि पळायचं" म्हणायचा. त्या दिवशी मात्र तो शेवटपर्यंत बसून राहिला. दुसऱ्या दिवशी परत मॅच होती. तिसऱ्या दिवशी परत. बेसबॉलचा सीझन एकदा लागला की मॅच जवळजवळ रोज असते, सप्टेंबर संपेपर्यंत, आणि बहुतेक वेळा संध्याकाळी सातला. मला वाटलं, वेळ काढतोय बिचारा. नोकरी गेलेल्या माणसाला रोज ठरलेल्या वेळी कुठेतरी हजर व्हायचं असतं, हे माझ्या लक्षात यायला जून उजाडला.

सकाळी तो अप्लाय करायचा. दुपारी ओळखीच्यांना फोन करायचा. पावणेसातला दाढी करायचा. हो, मॅचआधी दाढी. मग स्वच्छ टी-शर्ट घालून सोफ्याच्या डाव्या टोकाला बसायचा आणि पहिला चेंडू पडला की त्याच्या तोंडून नागपूर बाहेर पडायचं.

"अबे, खाली टाक ना बे! काहून त्याच्या बॅटवर देऊन राहिला?"

आमची लेक तेव्हा नऊ वर्षांची. ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायची, "बाबा, दे कान्ट हिअर यू."

"ऐकू येत नाही म्हणूनच हरतात," तो म्हणायचा.

टीम खूप चांगली नव्हती आणि अगदी वाईटही नव्हती. अगदी वाईट असती तर बरं झालं असतं, त्याने नाद सोडला असता. पण ही टीम शेवटपर्यंत आशा लावायची. पुढे असायची, आणि अखेरच्या इनिंगमध्ये एक दाढीवाला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, यायचा. आपण पुढे असताना मॅच सांभाळून संपवायची, एवढंच त्याचं काम. तो डोळे मिटून मोठा श्वास घ्यायचा आणि तीन-चार चेंडूंत सगळं घालवायचा. तो धावत मैदानात येताना दिसला की नवरा उशी पोटाशी घट्ट धरायचा. त्या पिचरचा चेहरा मला इतका पाठ झाला होता, की ग्रोसरी स्टोअरमध्ये तसाच कुणी दाढीवाला दिसला तरी मी ट्रॉली दुसरीकडे वळवायची.

हळूहळू घरातली हवा त्या मॅचवर ठरायला लागली. टीम जिंकली की तो लेकीला उचलून गरगर फिरवायचा, कणीक मळून द्यायचा, उद्या कुणाला फोन करायचा ते बोलायचा. हरली की "मला भूक नाही" म्हणून बेसमेंटमध्ये जाऊन बसायचा. "कुठून काही उत्तर आलं का?" हा प्रश्न मी फक्त जिंकलेल्या दिवशी विचारायला लागले. पुढे पुढे तर ज्या गोष्टी बोलायलाच हव्यात, लेकीच्या शाळेतलं काही, माझ्या आईचं दुखणं, त्यासुद्धा मी टीम जिंकेपर्यंत मनात साठवून ठेवायची. टीम ओळीने चार मॅच हरली, तर चार दिवसांचं साठायचं.

आई पुण्याहून फोनवर विचारायची, "जावईबापू काय म्हणतात? त्यांचा आवाज नाही ऐकला बऱ्याच दिवसांत."

"काम फार आहे गं त्याला," मी सांगायची.

एक दिवस संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आज जिंकू दे रे त्यांना." मी दचकले. नवऱ्याच्या नोकरीसाठी मी रोजच हात जोडत होते, पण त्याचा काही उपयोग होताना दिसत नव्हता. मॅचचा निकाल निदान तीन तासांत लागायचा. तेव्हापासून रोज हेच मागणं. तो दाढीवाला सोडला तर ज्या खेळाडूंना मी रस्त्यात ओळखलंही नसतं, त्यांच्या हातापायांसाठी मी देवाला साकडं घालत होते.

जुलैत आम्ही एकदा टोरांटोला जाऊन प्रत्यक्ष मॅच बघितली. रविवार होता. नवऱ्याने नवी टोपी घातली होती, लेकीच्या गालावर टीमचा रंग. सकाळपासून तो इतका खुशीत होता, की मला जुना माणूस परत आल्यासारखं वाटलं. मध्येच आम्ही तिघं खायला आणायला गेलो आणि रांगेत नेमका त्याचा जुना मॅनेजर भेटला. त्यालाही बहुतेक अवघडल्यासारखं झालं असावं. तो मोठ्याने हसून म्हणाला, "अरे वा, तू इथे! मग, सध्या काय चाललंय?"

नवरा त्याच्यापेक्षा मोठ्याने हसला आणि म्हणाला, "काय चालणार? हा आपला शेवटचा पिचर जीव घेतो रोज."

दोघं त्या पिचरबद्दल बोलत राहिले. छान रंगून बोलत राहिले. आमचा नंबर आला तेव्हा मॅनेजरने त्याचा खांदा थोपटला आणि गर्दीत निघून गेला. मी बाजूला हातात टिश्यू पेपरचा गठ्ठा धरून उभी होते.

टीम त्या दिवशी वाईट हरली. परतीच्या बसमध्ये लेक माझ्या मांडीवर झोपली. खिडकीबाहेर गोदामं, पार्किंग लॉट, मग शेतं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "तिथे बसून नुसतं ओरडायचं. आपल्या ओरडण्याने काही होत नाही, हे माहीत असूनही ओरडायचं." मला वाटलं, मॅचबद्दल बोलतोय. मी म्हटलं, "उद्या जिंकतील." त्याने माझ्याकडे बघितलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि परत बाहेर बघायला लागला.

ऑगस्टमध्ये वारं फिरलं. व्हँकुव्हरच्या एका कंपनीने त्याला इंटरव्ह्यूला बोलावलं. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरीही झाली. आणि त्याच दिवसांत टीम जिंकायला लागली. दाढीवाल्या पिचरचासुद्धा हात बसला. आता आम्ही कशालाही हात लावायला घाबरत होतो. नवरा तोच टी-शर्ट धुऊन धुऊन घालायचा. एकदा मी सोफ्यावर येऊन बसले आणि समोरच्या टीमने दोन रन काढले, तेव्हापासून मला सोफा बंद.

"तू तिथेच उभी राहा," तो म्हणाला. "दारात."

"अरे, पाय दुखतात माझे."

"दोन आउट झालेत. एकच राहिलाय. प्लीज."

मी इंजिनिअर बाई, स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून, ओल्या हातांनी, एक आउट होण्याची वाट बघत उभी राहायची. आणि खरं सांगायचं तर मला ते पटत होतं. माझ्या उभं राहण्याने काही होतंय, एवढं तरी समाधान.

चौथ्या फेरीनंतर इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंनी तोंडभरून कौतुक केलं. आम्ही मनातल्या मनात व्हँकुव्हरला घर लावलं. मग एक दिवस दुपारी मेल आला. ती जागाच रद्द झाली होती. त्याच्यापेक्षा चांगला कुणी मिळाला होता असं नाही. जागाच नव्हती. त्याने मला ऑफिसात मेसेज केला, त्यात फक्त ‘व्हँकुव्हर नाही’ एवढेच शब्द होते.

मी घरी आले तर तो गराजमध्ये होता. भर उन्हाळ्यात विंटर टायर्स बाहेर काढून, ओल्या फडक्याने एकेक पुसत होता. सात वाजून गेले तरी आत आला नाही. लेकीने सवयीने टीव्ही लावला आणि वर निघून गेली. मी एकटीच सोफ्यावर बसले. बंदी मोडून. आणि लक्षात आलं, की मला सगळं कळतंय. पिचर आता बाहेर टाकणार, तो पळणार, हा उगाच बॅट घालणार. कुणी न शिकवता मी हा खेळ शिकून बसले होते. टीम जिंकली. मी गराजच्या दारापर्यंत गेले, तो पाठमोरा होता. काही न सांगता परत आले.

सप्टेंबरात टीम कधी वर, कधी खाली. शेवटचा रविवार आला तेव्हा गणित असं होतं, की प्लेऑफमध्ये, म्हणजे पुढच्या बाद फेरीत जायला आपण जिंकायला हवं आणि शिवाय दुसऱ्या शहरातली एक टीम हरायला हवी. दोन्ही मॅच एकाच दुपारी. नवरा परत डाव्या टोकाला बसला. मी दारात उभी राहिले. त्याने सांगितलं नव्हतं.

आपली टीम अशी खेळली, की वर्षभर कुठे दडली होती असं वाटावं. एकामागून एक रन. शेवटी दाढीवाला आला आणि कुणाला न छळता तीन आउट काढून मोकळा झाला. लेक उड्या मारत होती. पण ती दुसरी मॅच अजून चालू होती. स्टेडियममधले लोकही घरी गेले नाहीत. मोठ्या पडद्यावर ते दुसरी मॅच बघत होते आणि खेळाडू मैदानाच्या कडेला, कठड्यावर हात टेकून, आपल्या हातात नसलेला खेळ बघत उभे होते. त्यांच्या कपड्यांना माती लागलेली होती. आम्ही बघत होतो त्यांना, ते बघत होते पडद्याकडे.

दुसरी टीम शेवटच्या इनिंगमध्ये जिंकली.

दाढीवाला कठड्यावरून हात काढून आत निघून गेला, आणि मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, हुंदके देऊन, श्वास लागेपर्यंत. दारातच मी खाली बसले. एप्रिलपासून मी एकदाही रडले नव्हते. नवऱ्यासमोर नाही, बाथरूममध्ये नाही, ऑफिसातही नाही.

नवरा घाबरून उठला. "अगं, अगं! काहून रडून राहिली तू?"

"त्यांनी सगळं नीट केलं ना रे," मी म्हटलं. "सगळं नीट केलं होतं."

तो माझ्याशेजारी फरशीवर बसला. लेक आमच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ गेम." मग माझा चेहरा बघून टिश्यूचा डबाच घेऊन आली.

नवरा उठला. त्याने कांदा चिरल्याचा आवाज आला, मग फोडणीचा. त्या संध्याकाळी त्याने पोहे केले. मीठ जास्त झालं होतं, आणि तो समोर बसून मला "खा, अजून थोडे खा" म्हणत होता, जशी मी त्याला कित्येक महिने म्हणत होते.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. ऑक्टोबर रिकामा गेला. नोव्हेंबरात दूर पश्चिमेकडे, रेजिनाला एका सरकारी कामाचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, तिथे जाऊन राहायचं. माझी नोकरी इथे, लेकीची शाळा इथे. बर्फ पडायला लागलं होतं. त्याने दोन बॅगा भरल्या, मी लोणच्याची बरणी कपड्यांत गुंडाळून दिली आणि विमानतळावर आम्ही तिघं उगाचच हवामानाबद्दल बोलत राहिलो. कॉन्ट्रॅक्ट वाढतच गेलं. तो तिकडे एका बेसमेंटमध्ये राहतो आणि दीड-दोन महिन्यांनी एकदा घरी येतो. दोघांपैकी कुणी कुठली नोकरी सोडायची, यावर आम्ही फोनवर बोलतो आणि दर वेळी तो विषय अर्धवट सोडून देतो.

यंदा सीझन चालू झाला तेव्हा मी ठरवलं होतं, बघायचं नाही. पण इथे सात वाजतात तेव्हा रेजिनाला पाच वाजलेले असतात आणि तो ऑफिसातून निघालेला असतो. बसमध्ये बसला की त्याचा फोन येतो.

"लावलीस?"

"लावली."

परवा टीम तीन रनांनी मागे होती. पाऊस आला, मैदानावर ताडपत्री पसरली आणि मॅच थांबली. मी त्याला तसं सांगितलं. तो "बरं" म्हणाला. त्याचा उतरायचा थांबा पुकारल्याचं मला ऐकू आलं, पण तो उतरला नाही. टीव्हीवर ताडपत्रीखेरीज काहीच दिसत नव्हतं, तरी मी आवाज थोडा वाढवला आणि फोन टीव्हीजवळ धरला.