कौलांचा मचवा आणि माझा तक्ता

मी तेव्हा पंचविशीत होतो आणि काम कागदावर आखलं की निम्मं झालंच, असं मला मनापासून वाटायचं. स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली होती. नायगावच्या खाडीकाठी आमच्या गावात मुलींचा वर्ग एका घराच्या ओटीवर भरे. पावसाळ्यात त्या ओटीवर सरपण रचलं जाई आणि वर्ग बंद पडे. एकदा घरी बसलेली मुलगी पुन्हा येत नसे. म्हणून गावाने श्रमदानातून खोली बांधायचं ठरवलं आणि मास्तर म्हणून जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. पावसाआधी छप्पर चढलं नाही, तर मुली गेल्याच म्हणून समजायचं.

मी ऐटीत तक्ता केला. भिंती, वासे, कौलं. कौलं वसई बंदरातून मचव्याने यायची होती. त्यासाठी शनिवार नेमला, कारण शाळा अर्धा दिवस, म्हणजे उतरवून घ्यायला हात मोकळे. मचव्याचा तांडेल काही सांगू लागला, तर "ठरलं ते ठरलं" म्हणून मी त्याला गप्प केलं.

शनिवारी पंधरा-वीस माणसं धक्क्यावर ताटकळली. मचवा अलीकडच्या वळणावर चिखलात रुतला होता. अष्टमी होती. त्या दिवशी भरतीला जोर नसतो; भरलेला मचवा आमच्या धक्क्याला लागायचा तर अमावास्या-पुनवेचं उधाण लागतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तांडेलाची बायको डोक्यावरची मासळीची पाटी सावरत म्हणाली, "मास्तर, पानी काय तुमच्या शालेची घंटा ऐकून येतं?" सगळे हसले. मला राग आला तो माझाच.

तांडेलाची माफी मागितली आणि संध्याकाळी सुताराच्या अंगणात जाऊन बसलो. पहिल्यांदाच विचारलं, "तुमचं काम सुरू व्हायला आधी काय हवं?"

"भिंत वाळायला हवी. तुम्ही तीन दिवस धरलेत. आठवडा धरा."

म्हणजे कौलं वेळेवर आली असती तरी नुसती धूळ खात पडली असती. मग नवा तक्ता मी शेवटाकडून मागे लिहीत आलो: पाऊस, त्याआधी कौलं, त्याआधी वासे. मध्ये दोन दिवस मोकळे सोडले, कारण काहीतरी बिघडणारच. बिघडलंही, गवंडी तापाने पडला. पण ते दोन दिवस हाताशी होते.

अमावास्येच्या भरतीला मचवा पुन्हा आला, तो थेट धक्क्याला लागला. माणसांची रांग लावून कौलं हातोहात वर गेली. छप्पर पावसाच्या चार दिवस आधी पुरं झालं आणि मी लहान पोरासारखा त्याच्याकडे पाहत उभा राहिलो.

वर्ग सुरू झाला त्या सकाळी तांडेलाची बायको दारात आली. सोबत तिची नऊ-दहा वर्षांची मुलगी होती, कधी शाळेत न आलेली.

"ही बाजारात माझ्याबरोबर असते," ती म्हणाली. "आता तुमच्याकडं. पाटी मी एकटी उचलीन. पण शिकवा नीट."

मुलगी आत जाऊन भिंतीला टेकून बसली. खोली बांधताना कधी वाटली नव्हती, एवढी धास्ती मला तेव्हा वाटली.