गढीवरची फळी

आमच्या मुळशीकडच्या गढीवर माती कमी अन् किस्सेच जास्त साचलेत. एक उपसला की खालनं दुसरा वर येतो!

गढी म्हंजे माणसांनी रचलेली मातीची टेकडी, भोवती पाण्याचा खंदक. पूर्वी वर शिपाई असायचे. एकोणीसशे साठच्या सुमाराला मात्र सरजाआत्या राहायची, दोन म्हशींसंगं. जायला-यायला एकच सागाची फळी.

अशात पुण्याहून गढी मापायला एक सरकारी साहेब आले. गळ्यात कायम टेप, म्हणून मी नाव पाडलं टेपसाहेब! हिशोब सरळ होता. जुनं ठरेल ते सरकारचं, नवं ते ज्याचं त्याचं. गढी जुनी ठरली की आत्या बाहेर!

*

मी साऱ्या गावाला पढवलं, "गढी नवी हाय म्हणायचं." साहेबांना पहिला भेटला आमचा भोळा किसन पैलवान.

"गढी कधीची?"

"लई नवी, साहेब! माझ्या आज्याच्या आज्यानं बी नवीच बगितली व्हती!"

*

साहेब विलायतेत शिकलेले. एकदा म्हणाले, "तिकडं अशीच गढी पाहिली मी. नॉर्मन लोक फ्रान्सकडून समुद्र ओलांडून आले, गावकऱ्यांकडून मातीचा ढीग रचून घेतला, वर लाकडी किल्ला केला. पुढं तिथंच जमीनदारानं घर बांधलं, भोवती खंदक!"

आत्यानं इचारलं, "माती वाहनाऱ्यांना जेवाय घातलं का?"

"ते कुठं लिहिलेलं नाही."

"मग बसा. हितनं उपाशी कुनी जात न्हाई!"

झालं! साहेब रोज दुपारी पंगतीला.

*

एकदा साहेब खंदकात उतरले. मधोमध काळा दगड. "बुरुजाचा पाया!" म्हणत वर चढलेच. पाया उठला अन् चालू लागला. आत्याची म्हैस!

मी काठावरनं वरडलो, "साहेब, टेप सोडू नगा! बुरूज कुटवर जातोय त्ये मापा!"

*

शेवटच्या दिवशी साहेब जेवायला आले अन् खंदकाच्या अलीकडंच थबकले. "आत्या, माती जुनी आहे. खोटं लिहिता येणार नाही मला."

आत्यानं खर्रकन फळी वर ओढली. "खोटं नगा लिवू. उपाशी ऱ्हावा!"

सारा गाव काठावर! मी म्हनलं, "साहेब, नॉर्मन लोक अशा वक्ताला काय करायचे हो?"

पलीकडनं लसणाच्या फोडणीचा वास आला. साहेबांनी टेपकडं बघितलं, मग चुलीच्या धुराकडं.

"आत्या! गढी जुनीच लिहिणार! पण वरचं घर कधीचं?"

"ह्याच दिवाळीला सारवलंय!"

"मग घर नवं! टाका फळी!"