दाखवायच्या पोरी

बालगृहातलं प्रत्येक मूल डॉक्टरांनी ठरलेल्या दिवशी येऊन तपासलंच पाहिजे, असा सरकारचा कायदा होता. कायदा करणाऱ्यांनी फक्त आमच्या बाई पाहिल्या नव्हत्या.

बाई म्हणजे नगरच्या आमच्या मुलींच्या बालगृहाच्या अधीक्षक. मूळच्या बेलापूरकडच्या, लवकर विधवा झालेल्या, आवाज खणखणीत. आईबाप नसलेल्या आम्ही साऱ्या पोरी त्यांच्या ताब्यात. डॉक्टर यायचे तो दिवस म्हणजे त्यांच्या लेखी मुलगी बघायचा कार्यक्रम! सकाळपासून शिकेकाईनं आमची डोकी घासली जायची. मग चपचपीत तेल, लाल रिबिनी, तोंडाला पावडर. सतरंजीवर आम्हाला उंचीप्रमाणे बसवलं जाई आणि डॉक्टरांपुढे कांदेपोहे येत. डॉक्टर तरुण आणि भिडस्त. पोह्यांची बशी संपेपर्यंत तेही नवरदेवासारखे खाली मान घालून बसत.

आता पाहुण्यांपुढे आजारी पोर कोण बसवतं? खोकला, खरूज, ताप असलेल्यांची रवानगी मागच्या कोठीच्या खोलीत. मला गालगुंड झालं तेव्हा ज्वारीच्या पोत्यांआड बसून मी डॉक्टरांचं "छान, छान" ऐकलं होतं. असा संताप आला होता की बाईंच्या नव्या लुगड्यावर शाई ओतावी. पण गालाला गरम लेप लावून माझ्या उशाशी बसणाऱ्याही त्याच होत्या, त्यामुळे राग फार टिकला नाही.

दुष्काळात जामखेडकडून एक लहानगी आमच्याकडे आली. तिचे दोन्ही कान वाहायचे. बाई रोज कापूस बदलत, गरम कपड्यानं शेक देत आणि डॉक्टर आले की तिला कोठीत नेऊन ठेवत. हाक मारली तरी ती ओ देत नसे.

"खेड्यातली हाय, बुजलीय. रुळंल," बाई म्हणायच्या.

"बाई, तिला ऐकू येत नाही वाटतं," मी एकदा म्हटलं.

"व्हय गं, तू लई मोठी डाक्टरीन!"

एकदा असाच कार्यक्रम यथासांग पार पडला. डॉक्टर सायकल काढून निघाले. पोह्यांची रिकामी परात घेऊन बाई कोठीच्या दाराशी आल्या. मी मागेच होते.

"ये गं भाईर. गेलं पाव्हनं."

पोर पाठमोरी बसून ज्वारीतले खडे वेचत होती. बाईंनी पुन्हा हाक मारली, मग ओरडल्या. शेवटी त्यांनी हातातली परात फरशीवर आदळली. मी दोन्ही कान झाकून घेतले. पोरीनं आणखी एक खडा उचलून बाजूला ठेवला.

बाई धावत सुटल्या. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना तीनदा पदर सारखा करणारी ती बाई भर रस्त्यात अनवाणी, उघड्या डोक्यानं पळत होती. "अवो डाक्टर! थांबा! डाक्टर!"

डॉक्टर परत आले. पोरीला उजेडात बसवून त्यांनी दोन्ही कान तपासले. त्या भिडस्त माणसाचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"इतके महिने कान वाहतायत आणि मला दाखवलं नाहीत? मग मी येतो कशाला?"

बाई आता उलटून बोलणार, अशी माझी खात्री होती. त्या खालीच बसल्या.

"घरचं पोर आजारी पडलं तर लोक म्हनत्यात, पडलं आजारी. हितलं पडलं की म्हनत्यात, आई न्हाई ना त्याला. मला त्ये ऐकायचं नव्हतं, डाक्टर."

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "उद्याच पुण्याला न्या. एक कान कदाचित वाचेल. दुसऱ्याची आशा धरू नका."

बाईंनी पोरीला मांडीवर ओढलं. "चुकलं गं माजं," असं त्या तिला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मला रडू आवरेना. पोर मात्र त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहत होती. बाई आपल्याशी काहीतरी लाडानं बोलतायत असं वाटून ती हसली.